तुळस खंय ठेवची?

दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेला घरी आले, तेव्हा आजीनं हातात पाण्याचा गडवा द्यायच्या आधीच विचारलं, "तो समुद्र नेमका कुठून सुरू होते वं?"

मला सांगता आलं नाही. पाच महिने मी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहत होते, रात्री त्याचा आवाज ऐकत झोपत होते, तरी सांगता आलं नाही. जूनमध्ये पहिल्यांदा पाहिला तेव्हा लाटा सुरूच्या झाडांच्या मुळाशी येऊन आपटत होत्या आणि वाळू नावालाही नव्हती. ऑक्टोबर सरता सरता तिथंच रुंद पुळण पसरली होती आणि माझ्या वर्गातली मुलं तिच्यावर क्रिकेट खेळत होती. पावसाळ्यातल्या लाटा वाळू आत ओढून नेतात आणि हिवाळ्यातल्या शांत लाटा ती थोडी थोडी परत आणून टाकतात, हे मला मुलांनीच सांगितलं. आमच्याकडे नदीला काठ असतो, धरणाला भिंत असते, वावराला धुरा असतो. ज्याला धुराच नाही ते कुठून सुरू होतं, हे आजीला कसं सांगायचं?

2024 मध्ये 'पवित्र' पोर्टलवरून शिक्षिका म्हणून माझी निवड झाली आणि जिल्हा आला सिंधुदुर्ग. बडनेऱ्याहून मुंबई, मुंबईहून तुतारी एक्स्प्रेसनं कुडाळ, अशा दोन रात्री काढून मी मालवण तालुक्यातल्या एका वाडीत पोचले. वाडीचं नाव लिहीत नाही, कारण या लिखाणात तिथली लहान मुलं आहेत. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर घरं, माड, दोन देवळं आणि आमची जिल्हा परिषदेची शाळा. सहावीच्या वर्गात 14 मुलं.

पहिले काही महिने मीच त्यांची विद्यार्थिनी होते. भरती कधी येणार हे त्यांना घड्याळ न बघता कळायचं. "आज कोणती तिथी, बाई?" एकानं विचारलं. मी म्हटलं, नवमी. "मगे पाऊणपट करा." नऊची पाऊणपट पावणेसात, म्हणजे भरती साधारण पावणेसातला. मी कॅलेंडर घेऊन आठवडाभर पडताळा घेतला आणि दर वेळी हिशेब जवळपास जुळला. पुनवेची आणि अवसेची मोठी भरती ती उधाणाची; अष्टमीच्या आसपासची लहान ती भांगाची. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या पुस्तकात चंद्राचं गुरुत्वाकर्षण होतं, त्यांच्याकडे चंद्राचं वेळापत्रक होतं.

अशा वर्गापुढे डिसेंबरात मी फळ्यावर लिहिलं, 'हवामानबदल आणि माझं गाव : 2050.' बाहेरगावच्या एका संस्थेनं किनाऱ्यावरच्या शाळांसाठी चित्रस्पर्धा ठेवली होती. मी रंगपेट्या वाटल्या. दोन तासांनी 14 चित्रं आली. सहा चित्रांत गाव पाण्याखाली बुडालेलं, छपरांवर माणसं, वर हेलिकॉप्टर. उरलेल्या आठांत पवनचक्क्या, सौरपट्ट्या, हिरवे डोंगर, काचेच्या इमारती. चित्रं सुबक होती, पण एकाही चित्रात माड नव्हता. एकाही चित्रात रापण नव्हती, जिच्यासाठी यांचे बाप-आजे पहाटे पुळणीवर दोर ओढतात. काचेची इमारत काढणाऱ्या मुलाला मी विचारलं, "हे कोणतं गाव रे?"

तो म्हणाला, "ह्यो चित्रातलो गाव, बाई."

त्या रात्री मला झोप आली नाही. मुलांनी मला हवं असेल असं वाटलेलं उत्तर दिलं होतं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा ही मुलं सात-आठ वर्षांची होती. पत्रे उडालेले, माड आडवे झालेले, कितीतरी दिवस वीज नसलेली, हे सगळं त्यांनी पाहिलेलं. त्याआधी 2019 च्या ऑक्टोबरात क्यार वादळाच्या लाटा वाडीत शिरलेल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी 1982 ते 2000 आणि 2001 ते 2019 हे दोन काळ ताडून पाहिले, तेव्हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 52 टक्क्यांनी वाढलेली दिसली. मी हे वाचलेलं. त्यांनी ते सोसलेलं. आणि मी त्यांच्या हातात रंगपेटी देऊन कल्पना करा म्हणत होते. चूक कुठे होते आहे ते कळत होतं, पुढे काय करायचं ते कळत नव्हतं.

वाट सापडली ती मोजपट्टीमुळे. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, सहाव्या अहवालातले आकडे मी वहीत उतरवून ठेवले होते. 1901 ते 2018 या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटर चढली. 2006 नंतर ती वर्षाला 3.7 मिलिमीटर या वेगानं चढत होती. 2050 पर्यंत ती 1995 ते 2014 च्या सरासरीपेक्षा ढोबळ मानानं 15 ते 30 सेंटिमीटर वर असेल. दुसऱ्या दिवशी वर्गात हे वाचून दाखवताना एका मुलीनं कंपासपेटीतली लहान पट्टी वर धरली, 15 सेंटिमीटरची. शेजारच्या मुलानं दप्तरातली मोठी काढली, 30 ची. "ह्या म्हणजे एवढाच?" सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही क्षणभर वाटलं. मग त्या मुलीनंच विचारलं, "पण बाई, ही पट्टी उभी धरूची कुठे?"

तिचे वडील गवंडी. घराचा पाया समपातळीत घेण्यासाठी गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभं राहतं. तिनं ती नळी आणली. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पुळणीवर गेलो. उधाणाच्या भरतीनं काडीकचरा, शिंपले आणि फेसाची जी रेघ आखून ठेवली होती, तिच्यावर पट्टी उभी केली. नळीचं एक टोक पट्टीच्या 30 च्या खुणेला धरलं आणि दुसरं टोक घेऊन एक मुलगा गावाकडे चालू लागला. त्याच्या पावलाशी पाणी जिथं जमिनीला टेकेल तिथं खुंटी. मग तिथून बाजूला, पुन्हा खुंटी. उभी पट्टी फूटभर, पण जमीन इतकी सपाट की आडवं अंतर वाढतच गेलं. सुरूची झाडं मागे पडली. माडांची पहिली रांग मागे पडली. एके ठिकाणी जुना ओहोळ होता, तिथं खुंट्यांची रांग आत वळली आणि एका खळ्यात शिरली. शेणानं सारवलेलं स्वच्छ खळं, मधोमध तुळशीवृंदावन. खुंटी वृंदावनाच्या पलीकडे लागली.

ते घर त्या नळीवाल्या मुलीचं होतं.

कुणी बोललं नाही. तिची आई दारात उभी होती, हातात सूप. मला वाटलं, मी हे काय करून ठेवलं. बाहेरून आलेली, वर्षभरही न झालेली मी. या लेकराच्या घराच्या आतून मी रेघ ओढली. मी घाईघाईनं सांगायला लागले की हा अंदाज आहे, किनारा असा जिन्याच्या पायरीसारखा चढत नाही, वाळू सरकते, एके ठिकाणी झिजते तर दुसरीकडे साचते, समुद्र या रेघेच्या अलीकडेही राहील किंवा पलीकडेही जाईल. सगळं खरं होतं. पण मी ते स्वतःला धीर यावा म्हणून बोलत होते.

ती मुलगी खुंटीकडे पाहत होती. मग आईकडे वळून तिनं सरळ विचारलं, "आये, मगे तुळस खंय ठेवची?"

आईनं सूप खाली ठेवलं. थोडा विचार करून म्हणाली, "परड्यात. थंय जरा उंच आसा." तेवढ्यात आतून आजी बाहेर आल्या. त्यांनी समुद्राकडे बोट करून सांगितलं की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा या घराचं जुनं खळं तिकडे होतं, आता जिथं लाटा येतात तिथं, आणि पुढे माडांच्या आणखी तीन रांगा होत्या. म्हणजे तुळस एकदा हललेली होती. मुलं आजींभोवती जमली. कोणाची विहीर कुठे होती, होड्या कुठे लावायचे, दहीकाला कुठे व्हायचा, प्रश्नांवर प्रश्न. मी वहीत लिहून घेत होते आणि माझा हात थरथरत होता.

त्यांनी मला विहिरीचं पाणी प्यायला दिलं. पहिल्या घोटालाच ओळखलं. भातकुली तालुक्यात माझ्या मामाचं गाव आहे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेला तो पट्टा. समुद्र शेकडो कोस लांब, आणि विहिरीचं पाणी खारं. लहानपणी सुट्टीत तिथं गेलं की मामी म्हणायची, "पोरीले आडाचं पानी नोको देऊ वं." खारपाणाचं कारण वेगळं, ते पूर्णेच्या जुन्या गाळातच मुरलेलं आहे. इथं समुद्र बाजूनं आत येतो. पण जिभेवर चव तीच होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला या वाडीत परकं वाटलं नाही.

पुढचे दोन महिने आम्ही चित्रं काढली नाहीत. मी एकच प्रश्न दिला. तू आज 11 वर्षांची, 2050 मध्ये 37 ची, म्हणजे आज तुझी आई आहे जवळपास तेवढी. त्या वर्षातला एक साधा मंगळवार लिही, सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत. संकट लिहायचं नाही, सुखही ठरवून लिहायचं नाही. फक्त दिवस.

जे आलं ते मी जपून ठेवलं आहे. एकानं लिहिलं की तो पुण्याला नोकरीला असेल आणि मंगळवारी ऑफिसात बसून चतुर्थीला गावी जायच्या गाडीचं तिकीट काढेल. पण घर खाडीपल्याड दिलेलं असेल तर गणपती कुठे बसवणार, हे त्याला सुचेना, म्हणून पान तिथंच थांबलेलं. कोकणात घर म्हणजे गणपती बसायची जागा, हे मला त्या अर्ध्या पानानं शिकवलं. एका मुलीनं वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात ते पाहिलं होतं. तिच्या मंगळवारी ती स्वतः वल्हं मारत होती आणि तिच्या खाडीत आजच्यापेक्षा जास्त कांदळ होती. एकानं लिहिलं, तारली मिळत नाही म्हणून बाबा इंजिन विकतील आणि मी ते परत विकत घेईन. तो हे कसं करणार ते त्यानं तीन ओळींत मांडलं होतं, कर्जाच्या हप्त्यासकट.

आणि भांडण झालं, खरं भांडण. ज्याच्या घरी पर्यटकांसाठी खोल्या आहेत तो म्हणाला, दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा पूर्ण वाडीला हवा. रापणकरांचा मुलगा उठून उभा राहिला: सगळीकडे दगड टाकलेत तर होडी वर ओढायची कुठून, रापण लावायची कुठे? दोघांचंही बरोबर होतं. मी मध्ये पडून तोड काढायला निघाले होते, पण गप्प बसले. चार दिवस ते भांडत राहिले. शेवटी त्यांनी वाळूत बंधारा आखला, त्यात होड्यांसाठी दोन वाटा सोडल्या, आणि वाटेतून पाणी घुसलं तर काय, यावर पुन्हा भांडले. त्यांचं एकमत अजून झालेलं नाही. मोठ्यांचंही कुठे झालं आहे?

मला मात्र आतून एक धास्ती होती. मुलांवर हे ओझं टाकायचा मला काय अधिकार? तेव्हा मी बालहक्कांच्या करारातलं बारावं कलम वाचलं: मुलाला त्याच्या आयुष्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत मत मांडायचा आणि ते गांभीर्यानं घेतलं जाण्याचा हक्क आहे. भारतानं हा करार 1992 मध्ये स्वीकारला. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं पर्यावरण आणि हवामानबदल यांवर स्वतंत्र मार्गदर्शन काढलं, त्यासाठी 121 देशांतल्या मुलांची 16,331 मतं घेतली. मला दिलासा आकड्यानं दिला नाही. दिला तो या विचारानं की ओझं मुलांवर आधीच होतं. ती ते एकेकटी वाहत होती, आता निदान एकत्र बोलत होती.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनी तीन गोष्टी मांडल्या: बंधाऱ्यात होड्यांच्या वाटा ठेवा, विहिरींचं पाणी दर महिन्याला तपासून शाळेच्या फळ्यावर लिहा, परड्याकडची उंच जागा विकू नका. तिन्ही इतिवृत्तात लिहून घेतल्या. तिसऱ्या मागणीवर सभा बराच वेळ शांत होती, कारण परडी विकायचे सौदे काही घरांत चालू होते.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी नळीवाल्या मुलीनं मला विचारलं, "बाई, तुमच्या गावात काय होता?"

मी सांगितलं, कापूस होतो, तूर होते, पलीकडे मोर्शी-वरुडला संत्री. एमआयडीसी आहे, आता मोठा वस्त्रोद्योग पार्क येतो आहे. आणि वीज होते. नांदगाव पेठेजवळ कोळशावरचं वीज केंद्र आहे, 270 मेगावॉटचे पाच संच, एकूण 1350 मेगावॉट. आमच्या गच्चीवरून धुरांडी दिसतात. माझा मोठा भाऊ तिथं कंत्राटी कामाला आहे. त्याच्या पगारावर माझं डी.एड. झालं.

कोळशाच्या एका युनिट विजेमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्यानं अडवलेली उष्णता शेवटी बहुतेक समुद्र पोटात घेतो, तापतो, फुगतो, हेही. मुलांनी दोन्ही टोकं जोडायला वेळ लावला नाही. मी खिडकीबाहेर पाहत उभी राहिले. कुणीतरी रागावेल असं वाटलं. ती मुलगी म्हणाली, "मगे 2050 मदी तुमचो भाव काय करतलो?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिनं आपल्या आईला विचारलं होतं तसंच विचारलं होतं, तुळस कुठे ठेवायची.

मे महिन्यात घरी आले. अमरावतीचा मे, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. गल्लीतल्या पोट्ट्यांना मी वाडीच्या मुलांचे मंगळवार वाचून दाखवले. त्यांनीही आपापले लिहिले. एकानं लिहिलं, 2050 मध्ये उन्हाळ्यात शाळा रात्री भरेल आणि दुपारी सगळं गाव झोपेल. दुसरीनं लिहिलं, अप्पर वर्ध्याचं पाणी कोणाला किती द्यायचं ते आम्ही मुली मोजू. आजी ऐकत होती. तिला मी अखेर सांगितलं, समुद्र कुठून सुरू होतो ते उधाणाची रेघ सांगते आणि ती रेघ जागा बदलते. "मंग ते लोक?" ती म्हणाली. "ते बी बदलते काय जागा?"

रात्री गच्चीवर भाऊ पालथा पडला होता, पाळी करून आलेला. लांब धुरांड्यांवरचे लाल दिवे लुकलुकत होते. मी त्याला मुलीचा प्रश्न सांगितला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, झोपला. मग म्हणाला, "त्या पोरीले सांग, हे मले आतापावेतो कोनीच इचारलं नोतं."

मी निघाले त्या दिवशी त्यानं एक घडी केलेला कागद माझ्या पर्समध्ये ठेवला. "तू नोको वाचू. तिले दे." मामाच्या आडाच्या पाण्याची बाटलीही मी बरोबर घेतली होती.

जूनमध्ये शाळा उघडली. मुलं सातवीत गेली होती, पुळण पुन्हा गायब झाली होती. बाटली वर्गात फिरली. प्रत्येकानं बोट बुडवून चाटलं. "बाई, ह्या तर आमच्याच घरचा पाणी!" असा गलका झाला. त्या गलक्यात मी तिला कागद दिला. ती खिडकीपाशी गेली, उभ्यानं वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग बोट एका शब्दावर ठेवून माझ्याकडे आली.

"बाई, पऱ्हाटी म्हणजे काय?"